मुदत कुणाची?

सूतगिरणीत पाच मिनिटं उशीर झाला की गेट बंद, खाडा पडला. हा हिशेब मला कळतो. पण लहानपणी पाद्र्यानं अत्याचार केला अन् बोलायला तीस वर्षं लागली, तर कोर्टानंही गेट बंद करावं?

न्यूयॉर्कमध्ये असंच होतं. वयाच्या तेविशीनंतर बहुतेकांना दावा लावता येत नव्हता. २०१९ साली कायदा बदलला. मुदत गेलेल्यांनाही दार उघडलं. ते ऑगस्ट २०२१ पर्यंत उघडं होतं.

लोक म्हणतात, जुनं कशाला उकरता? साक्षीदार मेले, कागद हरवले. मान्य. पण पुरावा पारखायलाच तर कोर्ट आहे. अन् कागद नेहमी हरवलेले नसतात, कुलपात असतात. बोस्टनमध्ये २००२ साली दाव्यांमुळंच चर्चच्या फायली बाहेर आल्या. तक्रारी माहीत असून पाद्र्यांची नुसती या चर्चमधून त्या चर्चमध्ये बदली केली होती.

ज्याच्यापुढं आईबाप गुडघे टेकतात, त्याच्याविरुद्ध पोरानं कुणाला सांगायचं? तोंड ज्यानं दाबलं, त्या मुकेपणाचा फायदाही त्यालाच? ही मुदत मी मानत नाही.

आपल्याकडं तीन वर्षांहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्याला फौजदारी तक्रारीची मुदतच नाही. बुवालाही शिक्षा होते: अल्पवयीन मुलीवरच्या बलात्काराबद्दल आसारामला जोधपूरच्या कोर्टानं २०१८ साली जन्मठेप दिली. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं तर मुलावर अत्याचार झाल्याचं कळलं की पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे.

मित्रांनो, हे गेट उघडं आहे. वस्तीतलं कुणी उशिरा बोललं, तर "इतके दिवस गप्प का?" असं विचारू नका. आधी ऐका. मग ठाण्यापर्यंत सोबत चला.