गव्हाण ओळखणारा बैल

निपाणीच्या तंबाखू बाजारातून रात्री परतणाऱ्या बैलगाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हे नवीन नाही. गाडीवान कासरा सैल सोडून आत झोपलेला असे आणि बैल गाडी नेमकी दारात आणून उभी करत. आमचे आबा असे कैक वेळा झोपेतच घरी आले. आजी रागावली की म्हणायचे, "बैलांना घर ठाव हाय." जू उतरलं की दोन्ही बैल अंधारात आपापल्या गव्हाणीपाशी जात. डाव्या बाजूच्या बैलानं उजव्याच्या गव्हाणीत तोंड घातलेलं मला आठवत नाही.

यशयाच्या पुस्तकात हा बैल पहिल्याच अध्यायात, तिसऱ्या वचनात भेटतो. बैलाला मालक कळतो, गाढवाला धन्याची गव्हाण कळते, माझ्या लोकांना मात्र मी कळत नाही, असं देवाचं गाऱ्हाणं तिथं आहे. लहानपणी मला ते रागाचं बोलणं वाटे. पण त्याच्या अगोदरच्याच वचनात देव लेकरं लहानाची मोठी केल्याचं सांगतो. हा राग नव्हे, बापाच्या मनाला लागलेलं आहे.

बैल ओळखतो ते पोटासाठी, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. आपणही त्याच हातचं खातो. बैलाला मालकाविषयी काय माहीत असतं? नाव नाही, गाव नाही, सातबारा नाही. तरी गोठ्याबाहेर पाऊल वाजलं की कान टवकारतात, मान वळते. आपल्याकडे माहिती भरपूर. वचनांचे आकडे पाठ, गीतांच्या चाली पाठ, उपासनेचा क्रमही पाठ. पण त्या पावलाचा आवाज आला तर आपली मान वळेल का, हा प्रश्न मला पहाटे गप्प बसवतो.

यशयानंतर सुमारे शंभर वर्षांनी यिर्मयानं हेच गाऱ्हाणं पुन्हा मांडलं. त्यानं गोठ्यातून नजर उचलून आभाळाकडे पाहिलं: करकोचा, होला या पाखरांना आपली येण्याची वेळ कळते, लोकांना देवाचा नियम कळत नाही. आपल्या जिल्ह्यात याचा दाखला गोकाक तालुक्यात, घटप्रभेवरच्या धुपदाळ बंधाऱ्याच्या पाण्यावर मिळतो. 1974 पासून ते पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात तिथं पांढरे करकोचे आणि क्रौंच उतरतात. क्रौंच तर मध्य आशियाकडून हिमालय ओलांडून येतात. थंडी सरली की कुणी हाकलावं लागत नाही, आपणहून उठतात. मनात पश्चात्तापाची वेळ आलेली असते आणि आपण मात्र "पुढच्या रविवारी" म्हणत बसतो, तेव्हा मला धुपदाळचं पाणी आठवतं.

पण मी पुन्हा गव्हाणीकडेच वळतो. यशयाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात गाढवाच्या गव्हाणीसाठी जो शब्द आहे, तोच शब्द लूकनं बाळ येशूला ठेवलं त्या जागेसाठी वापरला. मराठीत ती गव्हाण, आपल्या कन्नड शेजाऱ्यांच्या बायबलात गोदली. लूकच्या वृत्तांतात बैलाचा किंवा गाढवाचा उल्लेखही नाही. तरी ख्रिस्ती मंडळीनं शतकानुशतकं त्या दोघांना बाळाशेजारी उभं केलं, ते यशयाच्या या वचनामुळे. 1223 च्या नाताळात संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाण मांडली, तेव्हा तिच्यापाशी जिवंत बैल आणि गाढव आणवले. नाताळात आपल्या घराघरांत आणि चर्चमध्ये मांडल्या जाणाऱ्या गोठ्यात मातीचा बैल असतो तो याच ओळीतला. मुलं त्याला शोभेसाठी ठेवतात. मला तो साक्षीदार वाटतो: ज्या गव्हाणीत त्याची वैरण असायची तिथं धनीच येऊन निजला, आणि तो शांत उभा आहे.

आज प्रार्थनेला बसण्याआधी यशया 1:3 आणि यिर्मया 8:7 ही दोन वचनं एकापाठोपाठ, मोठ्यानं वाचा. घरी गोठा असेल तर आधी वैरण टाका आणि तिथंच उभं राहून वाचा.