भाषेचा वारसा आणि पात्रतेचा प्रश्न

केसोबासांनी संस्कृतात रचना करू नये, त्यामुळे आपल्या म्हाताऱ्या वंचित होतील, असे नागदेवाचार्यांनी बजावल्याची आठवण महानुभाव परंपरेत सर्वपरिचित आहे. भाषानिवडीचा निकष तेथे म्हातारी ठरली. वरूडशेजारच्या मोर्शी तालुक्यात, रिद्धपूरला, २०२४ मध्ये मराठी भाषा विद्यापीठ सुरू झाले. त्याच वर्षी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या गौरवात एक गोष्ट नजरेआड झाली. याच अमरावती जिल्ह्यात कोरकू बोलली जाते, आणि तेथे म्हातारीजवळ भाषा आहे, वंचित होतो तो नातू.

कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. २०११ च्या जनगणनेत तिचे सुमारे सव्वासात लाख भाषक नोंदले गेले. परंतु संत्र्याच्या बागांत मजुरीचा हिशेब मराठी-हिंदीत होतो आणि शाळेत कोरकू उच्चाराला हसे मिळते, तेव्हा आईबाप मुलाशी मराठीत बोलू लागतात. हे अज्ञान नव्हे. ती मायेपोटी केलेली तडजोड आहे. पुढे तोच मुलगा महाविद्यालयात जातो, आपण कोण हे विचारू लागतो, वहीत देवनागरीत शब्द उतरवतो. वडीलधारे ऐकतात आणि म्हणतात, ही आपली बोली नव्हे.

येथे नैतिक पेच आहे. भाषा न देण्याबद्दल वडिलांना जाब विचारणे अन्यायाचे होईल. निवड त्यांची नव्हतीच. मात्र जे दिले नाही त्याच्या शुद्धतेची परीक्षा घेण्याचा अधिकार त्यांना कोठून येतो? वारसा पात्रता पाहून मिळत नसतो. आणि या भांडणातला तिसरा पक्ष, म्हणजे मराठीचा वर्ग, नामानिराळा राहतो. आपल्याकडच्या देशीवादालाही मराठीपलीकडचे देशीपण क्वचितच दिसले.

चुका तर होणारच. मराठीत ऐकणाऱ्याला धरून ‘आपण’ आणि वगळून ‘आम्ही’. कोरकूत हा भेद आहेच, शिवाय द्विवचन वेगळे, म्हणून ‘आम्ही-आपण’साठी चार रूपे. मराठीत वाढलेल्या नातवाला धरणे-वगळणे सहज साधते, द्विवचन मात्र निसटते. आजीशी एकट्याने बोलताना तो ‘आपण दोघे’ऐवजी ‘आपण सारे’ म्हणून जातो. आजी हसते. त्या हसण्यामागून योग्य रूप तिच्या तोंडून आले, तर शिकवणी सुरू झालीच. न आले, तर पुढच्या वेळी तो मराठीतच बोलेल, आणि मराठीत ‘दोघे’ हा शब्द त्याला मुद्दाम जोडावा लागेल.