सगळी वाट आठवा



कांद्याने डोळ्यांत पाणी आणणे आपल्या नाशिक जिल्ह्याला नवे नाही. जुन्या करारातले इस्राएली लोकही कांद्यासाठी रडले होते. गणना या पुस्तकाच्या ११ व्या अध्यायात ते अरण्यात बसून मिसर देशातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवतात. तिथल्या विटा, मुकादमाचा मार, नदीत टाकलेली तान्ही मुले यांतले काहीच त्यांना आठवत नाही. परमेश्वराने दिलेला मान्ना मात्र नकोसा होतो.

आपली आठवण अशी निवड करीत असते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांनी एकदा ६० सेकंद बोचऱ्या थंड पाण्यात हात धरला. दुसऱ्या वेळी तेच ६० सेकंद आणि वर आणखी ३० सेकंद. पण या शेवटच्या वेळात पाणी किंचित कोमट केले होते. पुन्हा कोणता अनुभव घ्याल, असे विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त त्रासाचा निवडला. अनुभव किती वेळ चालला हे मन मोजत नाही. सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट, एवढ्यावरच ते निकाल देते.

आपल्या घरांत काय होते? वाटणीच्या दिवशी भाऊ एक शब्द बोलला. त्याआधीची तीस वर्षे त्या एका शब्दाने कडू झाली. आजारपणात आई शेवटचे वर्षभर चिडचिडी झाली. आयुष्यभर तिने उष्टे-खरकटे काढले ते मागे पडले. मयताच्या घरी आम्हा धर्मगुरूंना हे वारंवार ऐकावे लागते.

नाशिकजवळच्या जलालपूरला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचे उदाहरण घ्या. १८९५ साली त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी बाप्तिस्मा घेतला आणि काही वर्षे दोघांची ताटातूट झाली. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’त त्यांनी पतीचा तापटपणा लपवला नाही, आपले रडणे लपवले नाही, आणि त्याच संसारातले हसू व माया हीसुद्धा गाळली नाही. पूर्ण आठवण म्हणजे ही.

अनुवाद या पुस्तकाच्या ८ व्या अध्यायात मोशे लोकांना चाळीस वर्षांची सगळी वाट आठवायला सांगतो: भूकही आणि मान्नाही. ज्यांच्यावर खरोखर अन्याय झाला आहे त्यांनी तो विसरावा, असा याचा अर्थ नाही. मिसरातला मारही आठवायचाच आहे.

प्रभू येशूने आपले स्मरण केव्हा नेमून दिले? ज्या रात्री त्याला धरून देण्यात आले त्याच रात्री. म्हणून प्रत्येक मिस्सेत तो विश्वासघात आणि ते प्रेम, दोन्ही आपण एकत्र आठवतो.

या आठवड्यात अशा एका माणसाला डोळ्यांसमोर आणू या, ज्याच्याबद्दल आपला निकाल कधीच लागून गेला आहे. त्याच्याबरोबरची वाट पहिल्यापासून आठवू या. तो हयात असेल तर पुढच्या रविवारी शांतीचे अभिवादन करण्यापूर्वी त्याच्याशी एक शब्द बोलू या. तो देवाघरी गेला असेल तर त्याच्यासाठी मिस्सेत प्रार्थना करू या.

प्रभू आपल्या आठवणी बऱ्या करो. आमेन.

आपले धर्मगुरू