पितळेला काय सोसतं

‘कळकणं’ हे क्रियापद आता मराठी घरांतून फारसं ऐकू येत नाही. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं. हिरवट पडतं, जिभेला कडू लागतं, पोटाला बाधतं. तंजावरात कल्हईवाल्याची हाक बंद होऊनही बरीच वर्षं झाली, पण इथल्या जुन्या घरांमधून रसम अजून ‘ईयच्चोंबू’त, म्हणजे कथलाच्या भांड्यात करतात. ते भांडं रिकामं आचेवर ठेवलं तर वितळून खाली येतं, हेही घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असतं. ताक वाईट नाही आणि पितळही वाईट नाही. दोन चांगल्या गोष्टी एकमेकींना सोसत नाहीत, एवढंच. भांड्यांच्या बाबतीत हे ज्ञान आपण आजीकडून फुकट शिकलो. यंत्रांच्या बाबतीत ते विकत घ्यावं लागतं, आणि विकणारा बहुधा उलटंच सांगतो.

थोरल्या काकांच्या मागे त्यांची एक गाडी राहिली. ट्रायम्फ स्पिटफायर; दोन माणसांची, कापडी टपाची, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. मिकेलोत्ती नावाच्या इटालियन आरेखकानं तिचं रूप काढलं आणि कॉव्हेंट्रीच्या कारखान्यातून ती १९६२ साली बाजारात आली. तिचा पाया मात्र साध्या घरगुती हेराल्ड गाडीचा. तीच हेराल्ड मद्रासची स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ही कंपनी १९६१ पासून इथे बनवत होती, म्हणून कावेरीच्या खोऱ्यात बसून इंग्रजी स्पोर्ट्स कार चालती ठेवणं काकांना जमलं. मद्रासला गेले की भंगारवाल्यांकडून हेराल्डचे सुटे भाग पिशवीत घालून आणायचे. आता चुलतभावांना ती विकायची आहे. ते दूर राहतात, मी इथे राहतो. तेव्हा ‘जरा चालण्याजोगी करून ठेव’ हा निरोप माझ्याकडे आला. त्या चालण्याजोगं करण्यात गिअरबॉक्सचं तेल बदलणं होतं. लागतं ते एक लिटरच्याही आत. इतक्या थोड्या तेलानं मला तीन आठवडे विचारात पाडलं.

गिअरबॉक्सच्या आत पोलादी दातेरी चाकं असतात हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्यामध्ये पितळेच्या कड्याही असतात, हे गाडी चालवणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं. मेकॅनिक त्यांना सिंक्रो रिंग म्हणतात. गिअर टाकताना दोन चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरत असतात. ती भिडण्याआधी पितळेची कडी एका उतरत्या पृष्ठभागावर घासते आणि दोघांची गती सारखी करते. म्हणजे या पेटीत पोलादी दातांना घर्षण नको असतं आणि पितळी कडीला घर्षण हवंच असतं. तेल दोघांना एकच. तेलानं किती निसरडं असावं याचं उत्तर म्हणूनच ‘होईल तितकं’ असं येत नाही.

अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटनं गिअर तेलांच्या पायऱ्या ठरवल्या, त्यातल्या दोन आज दुकानात भेटतात: जीएल-४ आणि जीएल-५. दोन्हींत गंधक-स्फुरदाची संयुगं असतात. दातांवर दाब इतका येतो की तेलाचा थर पिळून निघून जातो. अशा वेळी ही संयुगं पोलादावर स्वतःचा एक बारीक थर धरतात आणि धातूला धातू लागू देत नाहीत. जीएल-५ मध्ये त्यांचं प्रमाण साधारण दुप्पट. ते मागच्या आसातल्या हायपॉइड चाकांसाठी आहे, कारण तिथले दात एकमेकांवर लोळण्यापेक्षा घसरतात जास्त. पण तेल तापलं की तेच गंधक तांब्याला लागतं, आणि पितळ म्हणजे निम्म्याहून अधिक तांबं. शिवाय कडीला जी पकड हवी असते तीही या जादा निसरडेपणात जाते. आजची पुष्कळ जीएल-५ तेलं तांब्याच्या पट्टीची परीक्षा पास होतात हे खरं आहे. गरम तेलात घासूनपुसून लख्ख केलेली पट्टी काही तास बुडवून ठेवायची आणि ती किती काळवंडली ते रंगांच्या तक्त्याशी ताडून बघायचं, अशी ती परीक्षा. पण पट्टी तेलात नुसती पडून असते. कडीला दर गिअरला घासायचं असतं.

दुकानदाराला हे सांगून बघितलं. तो म्हणाला, “सार, पाचात चार आलेच ना?” त्याच्याकडचा एक डबा तर जीएल-४ आणि जीएल-५ दोन्ही असल्याचं अभिमानानं सांगत होता. त्याला हसण्यात अर्थ नाही. शाळेतल्या इयत्तेपासून सरकारी नोकरीतल्या श्रेणीपर्यंत आपण सगळे असंच मोजत आलो: वरचा आकडा खालच्याला पोटात घेतो. ‘अधिक चांगलं’ म्हटलं की कोणासाठी, हे विचारायचं आपल्या डोक्यातच येत नाही. देवळात मात्र येतं. श्रीरंगमच्या गाभाऱ्यातली शेषशायी मूर्ती सुधेची आहे, म्हणून तिला पाण्याचा अभिषेक होत नाही. तैलक्काप्पु, म्हणजे तेलाचा लेप होतो. उत्सवमूर्ती धातूची, तिला रीतसर न्हाऊ घालतात. मूळ मूर्तीला कमी लेखलं असं कोणी म्हणत नाही.

काका या बाबतीत दुकानदाराच्या बाजूचे होते. गाडीवर त्यांचं इतकं प्रेम की तिच्यासाठी ते नेहमी सगळ्यात महागाचं आणि सगळ्यात वरच्या आकड्याचं घेत. गॅरेजच्या फळीवर त्यांचे रिकामे डबे ओळीनं उभे आहेत, सगळे जीएल-५. मेस्त्रींनी खालचा बूच काढून जुनं तेल काचेच्या बरणीत घेतलं आणि उन्हात धरलं, तेव्हा त्यात सोनेरी चकाकी तरंगत होती. ती पितळेची होती. साठ वर्षांच्या कड्या नुसत्या वयानंही झिजतात, सगळा दोष तेलावर टाकता येणार नाही. तरी मी त्या बरणीकडे बराच वेळ बघत राहिलो. ज्याच्यावर माया करायची ते कशाचं बनलं आहे, याची चौकशी मायेला करावीशी वाटत नाही. कदाचित ती चौकशी मायेला थोडी कोरडी वाटत असेल.

मग माहितीपुस्तकाप्रमाणे वागावं असं वाटेल. बनवणाऱ्याचा शब्द तो. काकांनी ते जपून ठेवलं आहे, आणि त्यात गिअरबॉक्सला व मागच्या आसाला एकच तेल सांगितलं आहे: हायपॉइड, ९० नंबर. आज दुकानात जाऊन हेच शब्द जसेच्या तसे उच्चारले तर हातात जीएल-५ पडतं. पुस्तक खोटं बोलत नाही. लिहिलं तेव्हा त्या शब्दाचा अर्थ सौम्य होता. पुढे तेल बदललं आणि नाव तेच राहिलं. इथल्या बृहदीश्वराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ साली भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरून घेतलं. अक्षर जागच्या जागी आहे, पण सुट्टीत पुण्याहून आलेली आमची भाचरं ते अडखळत वाचतात आणि अर्थ भलताच लावतात. (आमचं घरातलं मराठी ऐकूनही त्यांचं तेच होतं, ते वेगळं.)

शिवाय शब्दाला तंतोतंत धरायचं तर कुठवर धरायचं? त्या काळच्या दाब सोसणाऱ्या कित्येक तेलांत स्पर्म जातीच्या देवमाशाचं तेल गंधकाशी संस्कार करून घालत. १९७० च्या दशकात अमेरिकेनं त्याची आयात बंद केली आणि होहोबाच्या बियांच्या तेलावर शोध सुरू झाले. मूळचं तेल हवं म्हणणाऱ्यानं देवमासाही मागायला हवा. मागेल असा कोणी मला भेटलेला नाही. आकड्यांचंही तसंच. गिअर तेलाचा ९० आणि इंजिन तेलाचा ५० या दोन वेगळ्या मापपट्ट्या आहेत, दोघांचा दाटपणा जवळजवळ एकच. म्हणून तर त्याच काळातली एमजीबी ही इंग्रजी स्पोर्ट्स कार गिअरबॉक्समध्ये सरळ इंजिनचंच तेल घेते. आणि थंडीसाठी तेल पातळ ठेवायची जी काळजी इंग्रजी पुस्तकं घेतात, ती मे महिन्यातल्या आमच्या कत्तिरी वेयिलमध्ये वाचताना हसू येतं. मला वाटतं, बनवणाऱ्याशी इमान ठेवायचं म्हणजे त्यानं तो शब्द का लिहिला ते शोधायचं. हे आज्ञा पाळण्यापेक्षा कष्टाचं आहे आणि त्यात चुकण्याची जोखीम आपल्या डोक्यावर येते. पुस्तकाकडे बोट दाखवायची सोय राहत नाही.

मिलिंदप्रश्नात नागसेन राजाला रथाचे भाग एकेक करून विचारतो: दांडी म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, चाकं म्हणजे रथ का? जू, लगाम, चाबूक, सगळं येतं. वंगण येत नाही. ते रथाचा भाग म्हणून कोणी धरतच नाही, कारण ते टाकायचंच असतं. थीसियसच्या जहाजाची फळी बदलली तर ग्रीकांना वाद घालावासा वाटला. तेल बदलल्यानं गाडी तीच राहिली का, हे कोणी विचारणार नाही. मला मात्र वाटतं, जुन्या वस्तूशी आपलं वागणं कसं आहे ते या न मोजलेल्या भागातच कळतं. रंग आणि क्रोम बघणाऱ्यासाठी असतात.

खरी अडचण पुढे आली. ही गाडी पहिल्या तीन गिअरना रडते, चौथ्याला गप्प होते. मेस्त्रींनी बोनेट न उघडताच निदान केलं: लेशाफ्टचे बेअरिंग गेले आहेत. चौथ्या गिअरमध्ये शक्ती लेशाफ्टवरून न जाता सरळ जाते, म्हणून तिथे आवाज नाही. मग ते म्हणाले, “सार, १४० घालू. आवाज बसेल.” १४० म्हणजे मधासारखं दाट तेल. जुन्या गाड्यांच्या बाजारात याहून पुढच्या युक्त्या सांगतात, तेलात लाकडाचा भुसा मिसळण्यापर्यंत. मेस्त्री त्यातले नव्हेत. त्यांचं म्हणणं असं की झिजलेल्या बेअरिंगला दाट तेलाची गादी मिळते, उन्हाळ्यात मालमोटारींना १४० चालतंच. हे चूक नाही. एकच डबा उपचारही असू शकतो आणि लपवाछपवीही. विकत घेणाऱ्याला काय सांगितलं यावर ते ठरतं. चुलतभावाला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, “तू तेल घाल रे, बाकी बोलू नकोस. तो स्वतः चालवून बघणारच आहे ना?”

त्याचंही सगळंच उडवून लावता येत नाही. पैशाची गरज त्याला आहे, मला नाही. दुसऱ्याच्या खिशातून प्रामाणिक राहणं सोपं असतं. मी फक्त सांभाळणारा. पण तो गुरगुरणारा आवाज ही त्या गाडीची एकमेव तक्रार आहे, आणि ती ऐकण्याचा पहिला हक्क पुढे तिला सांभाळणाऱ्याचा. आपल्या कानाला बरं वाटावं म्हणून ती दाबायची, तर ज्यानं ऐकून वेळेवर बेअरिंग बदलले असते त्याची गिअरबॉक्स एका दिवशी रस्त्यात फुटणार. बोलून सांगितलं असतं आणि १४० घातलं असतं तरी चाललं असतं असं मेस्त्री म्हणतात. मला ते पटत नाही. तोंडी सांगितलेलं माणूस सौदा करताना विसरतो. ऐकलेलं विसरत नाही.

शेवटी जीएल-४, ९० नंबर घातलं. ते मिळालं शेतीपंपांच्या सामानाच्या दुकानात, कारण ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सला ते अजून लागतं. परदेशी ‘क्लासिक’ तेलाच्या नक्षीदार डब्याची चौकशी केली होती. एवढ्या पैशात एका ट्रॅक्टरची पेटी भरली असती. मेस्त्रींना ट्रॅक्टरचं तेल स्पोर्ट्स कारमध्ये ओतताना वाईट वाटलं, ते त्यांनी लपवलं नाही.

गाडी बघायला कोइमतूरहून एक गृहस्थ आले. वल्लमपर्यंत जाऊन आलो. जाताना मी तिसऱ्यातच जास्त वेळ चालवली. ते काही बोलले नाहीत, परतताना स्वतः चक्र हातात घेतलं आणि त्यांनीही तिसऱ्यातच ठेवली. उतरल्यावर कोणतं तेल आहे ते विचारलं, डब्यावरची ओळ चष्मा लावून वाचली, आणि गिअरबॉक्स उघडायचा खर्च वजा करून एक आकडा सांगितला. उरलेल्या तेलाचा डबा त्यांना देऊन टाकला. चुलतभावाला तो आकडा मी अजून कळवलेला नाही.