खर्डेकर न भेटलेली मुलं

1952 साली हेलसिंकीला निघालेल्या खाशाबा जाधवांच्या अंगात रग होती, हातात डाव होते. गाठीला पैसे मात्र नव्हते. लोकांनी वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल कांस्यपदक घेऊन परतला. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला 1996 साल उजाडलं.

ही गोष्ट आपण अभिमानानं सांगतो, सांगावीच. पण त्याच काळात दुसऱ्या एखाद्या तालमीत घुमणाऱ्या पोराला असे प्राचार्य भेटले नसतील, तर त्याचं काय झालं असेल? त्याच्या नावाची कुठे नोंद नाही.

हलाखीतून वर आलेल्या खेळाडूचं कौतुक करता करता आपण हलाखीचंच कौतुक करू लागतो. ‘परिस्थितीनं घडवलं’ म्हणतो. परिस्थिती काय करते ते वस्तीवर जाऊन पाहावं. खो-खोत कुणाच्या हाती न लागणारी मुलगी संध्याकाळच्या सरावाला येत नाही, कारण नळाला पाणी त्याच वेळी येतं. निवड चाचणी जिल्ह्याच्या गावी, सकाळी सातला. पहिली एसटी पोचते आठनंतर. आदल्या रात्री मुक्काम कुठे करायचा, सोबत कोण जाणार, त्या दिवसाची मजुरी कोण बुडवणार? अकादमीची फी लांबच राहिली. यातल्या एकाही गोष्टीचा तिच्या चपळाईशी संबंध नाही, तरी निवड याच गोष्टी करतात.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळेला मैदान आणि खेळाचं साहित्य असायला हवं, असं सांगितलं आहे. साहित्य कधीकधी येतंही; पण हरवलं तर भरून कोण देणार, या धास्तीनं ते कपाटातच राहतं.

मदत करणारेही बहुधा विचारतात, ‘पोरगं पदक आणेल का?’ बहुतेक मुलं आणणार नाहीत. गणित शिकवताना आपण कुणाकडून गणितज्ञ होण्याची हमी घेत नाही. मग मैदानावर पाऊल ठेवण्याआधीच हमी कशाला? दम लागेपर्यंत धावणं, हरून पुन्हा उभं राहणं, आपल्या गड्यासाठी ओरडणं हे पदक न मिळवणाऱ्या मुलाच्याही वाट्याला यायला हवं. ते दात्याच्या मर्जीवर सोडणं म्हणजे बालपणाची सोडत काढणं.

वर्गणी द्यावीच. पण शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत तीन प्रश्नही विचारावेत: साहित्याच्या कपाटाची किल्ली कुणाकडे असते? सरावाची वेळ मुलींना विचारून ठरवली का? चाचणीला जाण्याचा खर्च कोण करतं? उत्तरं मिळेपर्यंत बैठक सोडू नये.