बरेचदा म्हणजे किती?

फॉर्मवर चार रकाने होते: कधीच नाही, कधी कधी, बरेचदा, नेहमी. डावीकडे एकाखाली एक वाक्यं. समोर बोलत असलो तरी ऐकत नाही असं वाटतं. हाती घेतलेलं काम अर्धवट सोडून देते. लागणाऱ्या वस्तू हरवते. लेक आत झोपली होती. मी आणि नवरा जेवणाच्या टेबलापाशी पेन घेऊन बसलो आणि तिसऱ्याच वाक्यावर आमचं जुंपलं. मी ‘नेहमी’वर खूण करणार, तर तो म्हणाला, “नेहमी कुठे? कधी कधी.” त्या वर्षी जूनपासून दिवाळीपर्यंत पाण्याच्या चार बाटल्या, दोन कंपासपेट्या आणि एक स्वेटर शाळेत गेले, ते परत आले नव्हते. “मी तिच्याएवढा असताना एकदा दप्तरच शाळेत विसरून आलो होतो,” तो म्हणाला. हे त्याने लेकीची बाजू घ्यायला सांगितलं होतं. तोही एक पुरावाच आहे, हे आम्हाला पुढे कळलं.

शेवटी आम्ही ‘बरेचदा’वर तडजोड केली. पण बरेचदा म्हणजे किती? आठवड्यातून तीनदा? रोज एकदा? आणि कुणाच्या मानाने?

गेलं वर्षभर मी या एका शब्दापाशी अडून आहे. एडीएचडी, म्हणजे अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता, रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, एमआरआय काढून ठरवता येत नाही. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये काढलेल्या डीएसएम-5 या निदानपुस्तिकेत तिची 18 लक्षणं आहेत: 9 अवधानाची, 9 चंचलता आणि उतावीळपणाची. मुलांमध्ये एका गटातली निदान 6 लक्षणं किमान 6 महिने टिकलेली हवीत. ती एकाच जागी दिसून भागत नाही. घर आणि शाळा, अशा किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात. त्यातली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधीपासूनची हवीत. आणि त्यांच्यामुळे मुलाचं खरोखर अडायला हवं. या 18 पैकी प्रत्येक लक्षणात तो शब्द आहे: बरेचदा.

मोजायची पट्टी नाही म्हणजे हे दुखणंच खोटं, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. अर्धशिशीचं निदान तरी डॉक्टर कसं करतात? विचारूनच ना? किती वेळा दुखतं, कुठे दुखतं, उजेड सहन होतो का. विचारून कळणारी गोष्ट कमी खरी नसते. फक्त विचारणारा जाणता लागतो आणि त्याच्यापाशी वेळ लागतो.

हा वेळ मिळेपर्यंत आम्ही एक चूक केली. गावातल्या एका क्लासने लेकीच्या दहाही बोटांचे ठसे घेतले आणि मेंदूचा कुठला भाग किती टक्के चालतो, याचा गुळगुळीत कागदावरचा रंगीत अहवाल हातात ठेवला. ठशांवरून बुद्धी किंवा अवधान कळतं, याला शास्त्राचा काहीही आधार नाही. हे मला तेव्हाही समजायला हवं होतं. पण रोज संध्याकाळी तीन गणितांसाठी सात ते साडेनऊ पोरीच्या मागे लागून थकलेल्या आईला कुणी छापील कागद दाखवला, की ती तो घेते. अशा आईबापांच्या थकव्यावर पैसा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

त्यानंतर साताऱ्याहून पुण्याला मानसतज्ज्ञांकडे जायचं ठरलं, तेव्हा घरात आणि घराबाहेर एकच वाक्य ऐकू आलं: “कशाला पोरीवर शिक्का मारून घेता?”

मी तिचं शाळेचं कॅलेंडर काढून बसले. बाईंचे शेरे वाचले. ‘वर्गात लक्ष नसते.’ ‘अभ्यास अपूर्ण.’ ‘हुशार आहे, पण आळशी.’ मग घरातले आठवले. वेंधळी. धांदरट. कामचुकार. हे सगळे आमच्याच तोंडचे. मीच तिला एकदा म्हटलं होतं, “तुला मुद्दाम करायचं असतं ना?” शिक्के कधीच मारून झाले होते, तेही एकदाही न तपासता. आपल्या भाषेत अशा पोरांसाठी शब्दांची वाण नाही. एकाच्या पायाला भिंगरी असते, एकाचं बूड जमिनीला टेकत नाही, एक द्वाड, एक व्रात्य, एक घुमी, एक विसरभोळी. काही शब्द मायेने येतात, काही चिडून, पण झालं ते पोराने केलं, असंच त्यातले बहुतेक शब्द सांगतात.

वैद्यकाचीही सुरुवात इथूनच झाली. जॉर्ज स्टिल या इंग्रज बालरोगतज्ज्ञाने 1902 मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये व्याख्यानं दिली आणि अशा मुलांचं बारकाईने वर्णन केलं. बुद्धी चांगली, पण स्वतःला आवरणं जमत नाही. त्याला त्याने नैतिक नियंत्रणातला दोष म्हटलं. 1968 च्या अमेरिकी निदानपुस्तिकेत नाव आलं ते अतिहालचालीवरून, म्हणजे धावणारा, उड्या मारणारा मुलगाच नजरेपुढे होता. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाच्या व्हर्जिनिया डग्लस यांनी 1970 च्या दशकात दाखवून दिलं की या मुलांची खरी अडचण हालचालीपेक्षा लक्ष टिकवण्यात आणि स्वतःला थोपवण्यात आहे. 1980 मध्ये ‘अवधान’ हा शब्द नावातच आला. माझ्या दृष्टीने हे साल फार मोठं आहे, कारण बाकावर गप्प बसून खिडकीबाहेर पाहणारी माझ्या लेकीसारखी मुलगी तिथून पुढे तज्ज्ञांच्या नजरेत येऊ लागली. अजूनही अशा मुली उशिरा सापडतात. बऱ्याच जणी सापडतच नाहीत.

आमचंच पाहा. शाळेसाठीचा फॉर्म मी बाईंना दिला होता. तो परत आला तेव्हा जवळजवळ सगळ्या खुणा ‘कधीच नाही’वर होत्या. बाई मनाने चांगल्या. वर्गात बावन्न मुलं. “अहो, ती काही त्रासच देत नाही हो,” त्या म्हणाल्या. मानसतज्ज्ञ मॅडमनी तो फॉर्म बाजूला ठेवला नाही, पण वह्या मागितल्या. वर्गपाठाची वही त्यांनी पानापानाने चाळली. तारीख, खाली रेघ, पहिल्या दोन ओळी टपोऱ्या अक्षरात. तिसरी उतरती. चौथी अर्ध्या शब्दावर तुटलेली. मग कोरं पान आणि पुढच्या पानावर नवी तारीख. अशी पन्नासेक पानं. “त्रास देत नाही हे बाईंनी खरंच लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “पण हे बघा, ही रोज चौथ्या ओळीला वर्गातून निघून जाते.”

पहिल्या भेटीत त्यांनी लेकीची चाचणी घेतलीच नाही. दीड तास आम्हालाच विचारत होत्या. बाळंतपण कसं झालं, ती कधी चालली, कधी बोलली. रात्री घोरते का, तोंड उघडं ठेवून झोपते का. कारण अ‍ॅडेनॉइड वाढले असतील तर झोप मोडते आणि न झोपलेलं मूल दिवसा असंच वागतं. कान आणि डोळे तपासलेत का? नसतील तर आधी तेच. रक्त कमी आहे का? मध्येच काही सेकंद थिजल्यासारखी होते का, आणि तेव्हा खांद्याला हात लावला तर लगेच वळून बघते का? हा प्रश्न मी कधीच विसरणार नाही. तंद्रीतलं मूल हात लावला की परत येतं. एका प्रकारच्या फिट्समध्ये मात्र ते तेवढा वेळ येत नाही, आणि वर्गात दोन्ही सारखंच दिसतं. मग खाली मान घालून त्यांनी विचारलं, घरात भांडणं होतात का? घाबरलेल्या मुलाचंही लक्ष लागत नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो, मग जे होतं ते सांगितलं.

दुसऱ्या भेटीला आम्ही बाहेर बसलो आणि लेक आत गेली. आतल्या चाचण्यांमधली एक मूळची अमेरिकेतली, पण आपल्या मुलांसाठी बेतली ती नागपूरच्या आर्थर मालिन यांनी, 1969 मध्ये. त्याच्याही आधी कामत यांनी बिनेच्या चाचणीला मराठी आणि कानडी मुलांच्या अंगाचं केलं होतं. ती बिने-कामत चाचणी आजही वापरात आहे. बुद्धिमापनाच्या चाचणीत एडीएचडी सापडत नाही, हे आधी सांगायला हवं. ती असते ते एक कोडं सोडवायला: अभ्यास झेपत नाही म्हणून लक्ष उडतं, की लक्ष उडतं म्हणून अभ्यास झेपत नाही? वाचन-लेखनाची वेगळी चाचणी झाली, कारण अध्ययन अक्षमता पुष्कळदा जोडीने येते.

दारावरच्या काचेतून मला तिची वेणी दिसत होती. दोन तास ती जागची हलली नाही. माझ्या पोटात गोळा आला. आता या म्हणतील, छान आहे की मुलगी, तुम्हीच कमी पडताय. मॅडम बाहेर आल्या आणि त्यांनी माझा चेहरा वाचला असावा. “असंच होतं,” त्या म्हणाल्या. “खोली शांत, दर पाच-दहा मिनिटांनी काहीतरी नवं, समोर एकच माणूस आणि तोही पूर्ण तिच्याकडे बघणारा. इथे बसली म्हणून बावन्न मुलांत चाळीस मिनिटं बसेल असं नाही.” आत एकटीशी बोलताना त्यांनी तिला विचारलं होतं, बाई शिकवतात तेव्हा काय होतं गं? तिची परवानगी घेऊन तिचं उत्तर त्यांनी आम्हाला सांगितलं: “मी ऐकतच असते. मग मला कळतं की मी ऐकत नव्हते.” आठ वर्षांच्या पोरीने दिलेलं इतकं नेमकं वर्णन मी आजवर कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही. आम्ही तिला हा प्रश्न कधी विचारलाच नव्हता. “कुठे असतं तुझं लक्ष?” असं शंभरदा विचारलं होतं, पण तो प्रश्न नव्हता.

आता ‘कुणाच्या मानाने’ याबद्दल. लेकीचा जन्म नोव्हेंबरचा. महाराष्ट्रात 31 डिसेंबरला 6 वर्षं पूर्ण होत असली की पहिलीत प्रवेश मिळतो, म्हणजे ती वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांपैकी. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतातही प्रवेशाची सीमा 31 डिसेंबरच आहे. तिथल्या 9 लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जानेवारीत जन्मलेल्यांपेक्षा डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांमध्ये एडीएचडीचं निदान 30 टक्के अधिक होतं, मुलींमध्ये 70 टक्के. महिना बदलला म्हणून मेंदू बदलत नाही. शिक्षकाच्या डोळ्यांपुढे तुलना असते ती वर्गाशी, आणि त्या वर्गात अकरा महिन्यांनी मोठं मूल शेजारीच बसलेलं असतं. म्हणून मॅडमनी लेकीचं वय महिन्यांत मोजलं, 8 वर्षं 3 महिने, आणि तिला तिच्याच वयाच्या मुलांशेजारी ठेवून पाहिलं. तरीही अडत होतं. घाईत पंधरा मिनिटांत दिलेल्या निदानात हे पाहायचं राहून जातं, आणि त्याने होणारं नुकसान दोन्हीकडचं असतं: नसलेल्याला चिकटतं, असलेलीचं निसटतं.

अहवालात लिहिलं होतं: एडीएचडी, प्रामुख्याने अवधानाची कमतरता. बुद्धी उत्तम. अध्ययन अक्षमता नाही.

सासूबाई म्हणाल्या, “पोर आहे, होईल शहाणी.” त्यांचं म्हणणं निम्मं खरं आहे, हे मला नंतर वाचनातून कळलं. अमेरिकेतल्या संशोधकांनी 2007 मध्ये या मुलांच्या मेंदूच्या प्रतिमा पाहिल्या. मेंदूच्या बाह्यस्तराची वाढ त्याच क्रमाने होत होती, पण साधारण तीन वर्षं उशिराने. पण त्या तीन वर्षांत शाळा थांबत नाही, शेरे थांबत नाहीत, आणि आपण आळशी आहोत यावर पोरीचा विश्वास बसायला तेवढी वर्षं पुरतात. शिवाय पुष्कळांना हे मोठेपणीही सोडत नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून दिसतं की यात आनुवंशिकतेचा वाटा 70 ते 80 टक्के आहे. हे सांगितलं तेव्हा नवरा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “माझे वडील मला त्या दप्तरासाठी पट्ट्याने मारायचे.” मी त्याच्याशी लग्न करून बारा वर्षं झाली होती आणि हे मला माहीत नव्हतं.

औषधाबद्दल थोडक्यात. मानसतज्ज्ञ औषध देत नाहीत. ते मनोविकारतज्ज्ञ किंवा या क्षेत्रातले बालरोगतज्ज्ञ ठरवतात. आम्ही सध्या घरच्या आणि शाळेच्या बदलांवर आहोत. पुढे लागलं तर औषधाला माझी ना नाही.

पण पुण्याला जाणं ज्यांना परवडत नाही त्यांचं काय, हा विचार खंबाटकी घाट उतरताना प्रत्येक वेळी येतो. शाळा-अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 च्या फेब्रुवारीत देशात सुरू झाला, तो आपल्या पालघरहून, आणि तपासायच्या 30 अवस्थांच्या त्याच्या यादीत एडीएचडी आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. त्यात अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडीचं नाव वेगळं नाही. यादीत नाव असणं हा एक भाग झाला. पुनर्वसन परिषदेकडे नोंदलेला चिकित्सा-मानसतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेला असणं, आणि एका मुलासाठी त्याला चार-पाच तास देता येणं, हा दुसरा. सरकारी रुग्णालयांत ही पदं भरा, एवढी एक मागणी पालकसभेत मी आता दर वेळी करते.

शाळेने लेकीला पहिल्या बाकावर आणलं. बाई चौथ्या ओळीच्या सुमाराला तिच्या वहीवर बोट टेकवतात, काही न बोलता. एवढंच त्यांना सांगितलं होतं, आणि त्या ते विसरत नाहीत. घरी तीन गणितं एकदम न देता एकेक देतो.

सहा महिन्यांनी पुन्हा तोच फॉर्म आला. मी टेबलापाशी बसले, तर लेक मागून येऊन खांद्यावरून वाचायला लागली. ‘लागणाऱ्या वस्तू हरवते’ यापाशी माझं पेन थांबलं.

“बरेचदा,” तिनेच सांगितलं. मग थोडा विचार करून म्हणाली, “पण आई, या महिन्यात बाटली एकदाच. आणि ती मलाच सापडली, ग्राउंडवर. ते कुठे लिहायचं?”

फॉर्मवर त्यासाठी रकाना नव्हता. मी समासात लिहिलं.