रोमचे शिक्षण, साष्टीची भाषा

मराठी वाचक फादर थॉमस स्टीफन्स यांना ‘ख्रिस्तपुराणा’चे कर्ते म्हणून ओळखतो. लॅटिनमध्ये मुरलेला विद्वान म्हणून त्यांच्याकडे आपण क्वचितच पाहतो. माझ्या मते त्यांच्या मराठी कामाचे मर्म तिथेच आहे.

1549च्या सुमारास ते इंग्लंडमधल्या विल्टशायरमध्ये जन्मले. कॅथलिकांना तिथे छळ सोसावा लागे. 1575 साली ते रोममध्ये जेझुइट या कॅथलिक धर्मसंघात दाखल झाले. जेझुइटांची सारी विद्या तेव्हा लॅटिनमधून चाले. सिसेरोचे गद्य आणि व्हर्जिलचे काव्य घोटल्याशिवाय विद्यार्थ्याला पुढची वाट नसे. 24 ऑक्टोबर 1579 रोजी ते गोव्यात उतरले. 1583 साली त्यांनी भावाला लॅटिनमध्ये पत्र लिहिले. इकडच्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीकसारखी आहे, हे निरीक्षण त्यात आहे. संस्कृतचे लॅटिन-ग्रीकशी नाते सांगणारे विल्यम जोन्स यांचे प्रसिद्ध व्याख्यान 1786चे, म्हणजे दोनशे वर्षांनंतरचे.

या विद्वत्तेमागे सत्ता होती, हे झाकून चालणार नाही. गोव्यातल्या साष्टी भागातली देवळे 1567 साली पाडली गेली होती. 1583च्या जुलैमध्ये साष्टीतल्याच कुंकळ्ळी गावात पाच जेझुइट मारले गेले आणि त्याचा सूड पोर्तुगीजांनी निर्दयपणे घेतला. स्टीफन्स धर्मप्रसारासाठीच आले होते. तरीही त्यांनी साष्टीतल्या माणसांची भाषा ज्या निष्ठेने आत्मसात केली, ती मला मोठी वाटते.

जवळपास अकरा हजार ओव्यांचे त्यांचे पुराण 1616 साली साष्टीतल्या रायतूरला छापले गेले, तेही रोमन लिपीत. देशी अक्षरांचे खिळे पाडावेत म्हणून त्यांनी 1608 सालीच रोमला लिहिले होते. जोडाक्षरांमुळे खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाते, ती कमी कशी करता येईल याचाही विचार त्यांनी केला होता. खिळे मिळाले नाहीत. शुद्ध मराठी सामान्यांना अवघड जाते, म्हणून सोपे स्थानिक शब्द मिसळल्याचे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. त्यांचे कोकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर, 1640 साली, निघाले. लॅटिनला लागणारी शिस्त गावच्या बोलीलाही लागू होते, हे त्यांनी मानले, आणि हीच मला त्यांची खरी थोरवी वाटते.

आज नाशिक जिल्ह्यातल्या हरसूलकडे पाहताना या दृष्टीची उणीव फार जाणवते. त्र्यंबकेश्वर तालुक्याच्या या डोंगरी भागात कोकणा आणि वारली घरांतून येणारे मूल पुस्तकी मराठीत पहिले अक्षर गिरवते. त्याच्या घरच्या बोलण्याला आपण सहज ‘अशुद्ध’ म्हणतो. नियम नसलेली बोली नसतेच. ते नियम शोधायला बसणारा माणूस लागतो. पदवीधर शिक्षकाला हरसूलला पाठवताना वर्गातल्या मुलांच्या बोलीचे व्याकरण त्याच्याकडून करून घ्यावे, त्यासाठी त्याला वेळ आणि मान द्यावा. असे काम कमी दर्जाचे मानणारी विद्यापीठे स्टीफन्सचे नाव अभिमानाने घेतात, याचे मला दुःख होते.

1619 साली स्टीफन्स गोव्यातच वारले. 1684 साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. पुराणाच्या सतराव्या शतकातल्या छापील प्रती आज सापडत नाहीत. पण हाताने उतरवलेल्या पोथ्या ख्रिस्ती घरांत टिकल्या, आणि 1907 साली जोसेफ सालढाणा यांनी अशाच हस्तलिखितांवरून मंगळूरला त्याची नवी आवृत्ती काढली.